तांदूळ की पंप? महाडच्या पुरानंतर पुण्याहून गेलेल्या एका टेम्पोचं प्रकरण

पुण्यात पूरग्रस्तांसाठी मदत गोळा करणाऱ्या नव्या कार्यकर्त्यांपुढे मी हे प्रकरण मुद्दाम ठेवतो. कोथरूडमधली एक मध्यम आकाराची सोसायटी, भाड्याचा एक ४०७ टेम्पो आणि ३१ जुलै २०२१ चा शनिवार, एवढंच त्याचं भांडवल. टेम्पोत मीही होतो, पण सोसायटीचा सभासद म्हणून नाही. "तुम्हाला तिकडचे रस्ते ठाऊक आहेत, चला," असं ओळखीतून कुणीतरी म्हणालं म्हणून गेलो. त्यामुळे सामान गोळा करताना झालेली वादावादी ऐकीव सांगतोय. रस्ता आणि महाड स्वतः पाहिलेलं.

प्रकरण अभ्यासाला घ्यायचं कारण एकच. आपत्तीच्या जागी गरज दर दोन दिवसांनी बदलते आणि आपण इथून निघतो ते आठवडाभर जुन्या बातमीवर. हे सगळ्यांना तोंडपाठ असतं. तरी टेम्पो भरताना नेमकं काय होतं, ते इथं नीट दिसलं.

काय घडलं होतं

२३ जुलैच्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत महाबळेश्वरला सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. पुण्यात अख्ख्या वर्षाचा पाऊस सातशे-साडेसातशे मिलिमीटरच्या घरात असतो, त्यावरून अंदाज करावा. सावित्री उगम पावते ती याच महाबळेश्वरात. तिथून कडा उतरून पोलादपूरमार्गे ती महाडला येते. वाटेत पाण्याला पसरायला, दम खायला सपाटी फारशी नाही. महाडला गांधारी येऊन मिळते, काळ नदीचं पाणीही त्याच पट्ट्यात उतरतं. खाली बाणकोटची खाडी, आणि भरतीचं पाणी वर थेट महाडच्या परिसरापर्यंत चढतं. त्यात २४ जुलैला गुरुपौर्णिमा, म्हणजे ऐन उधाणाचे दिवस. वरून लोंढा, खालून भरती आणि मध्ये बाजारपेठ. नदीपात्रातला गाळ आणि बेटं, दासगावजवळचा रेल्वेचा भराव यांवर महाडकर वर्षानुवर्षं बोलतायत. तो वाद मोठा आहे, इथं त्यात शिरत नाही.

बाजारपेठेत माणसाच्या डोक्यावरून पाणी गेलं. वीज गेली, मोबाइल बंद पडले. २२ तारखेला दुपारनंतर महाड तालुक्यातल्या तळीये गावच्या एका वाडीवर दरड कोसळली आणि ८० हून अधिक माणसं गेली. रस्ते आणि फोन दोन्ही तुटलेले असल्यामुळे मदत पोचायलाच दुसरा दिवस उजाडला.

एक गोष्ट पुण्यातून निघणाऱ्यांच्या लक्षात सहसा येत नाही. महाडची माणसं त्या जुलैत पहिल्यांदा पडलेली नव्हती, ती आधीच्या पडण्यातून उठत होती. २००५ च्या जुलैत याच तालुक्यात जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते इथं दरडी कोसळल्या होत्या. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा जुना पूल एसटीच्या दोन गाड्या घेऊन गेला. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्यावरून गेलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये शहरातली तारिक गार्डन ही इमारत कोसळून १६ माणसं गेली. मधल्या काळात टाळेबंदी. म्हणजे ज्या दुकानात पाणी शिरलं त्यावर बहुधा आधीच्या कशाचं तरी कर्ज होतंच.

पुण्यात: यादी कुणी केली?

२६ जुलैला, सोमवारी, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आवाहन आलं. यादी टीव्हीवरची दृश्यं पाहून केलेली: पाण्याच्या बाटल्या, बिस्किटं, तांदूळ, डाळ, मेणबत्त्या, "वापरण्याजोगे" कपडे. वाईट यादी म्हणता येणार नाही. २३-२४ तारखेला ती अगदी बरोबर होती. गुरुवारपर्यंत सोसायटीचा हॉल भरला, त्यातला निम्मा कपड्यांनी. "वापरण्याजोगे" म्हणजे काय यावर पुणेकरांची मतं किती उदार असू शकतात, ते तिथं कळलं म्हणे. एका गोणीत जरीची शेरवानी निघाली.

याच सोसायटीत एक वहिनी आहेत. माहेर पुण्यातल्याच अरण्येश्वरचं. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याचं पाणी त्यांच्या आईच्या तळमजल्यावरच्या घरात शिरलं होतं. बुधवारच्या बैठकीत त्या म्हणाल्या, "आमच्याकडे तिसऱ्या दिवशी खाण्याची पाकिटं इतकी आली की वाटायला माणसं शोधावी लागली. आणि चिखल काढायला एकच फावडं चार घरांत फिरत होतं." सोसायटीतल्या सगळ्यात वयस्कर आजोबांनी त्याला दुजोरा दिला. १२ जुलै १९६१ ला, पानशेतच्या पुरात, ते नारायण पेठेत राहत होते. "पाणी एका दिवसात ओसरलं. चिखल दिवाळीपर्यंत निघत होता."

सेक्रेटरीकाकांचं म्हणणं असं, की लोकांनी विश्वासानं दिलंय ते आधी पोचवू, बाकीचं नंतर बघू. त्यांची अडचण खरी होती. ज्यानं तांदळाची गोणी दिली त्याला तुमची गोणी हॉलमध्येच पडून आहे असं सांगणं सोपं नसतं.

कोंडी फुटली ती फोनमुळे. वहिनींच्या भावाच्या ओळखीचे एक गृहस्थ महाडच्या बाजारपेठेत औषधांचं दुकान चालवतात. त्यांचा फोन गुरुवारी संध्याकाळी लागला. काय आणू, असं विचारल्यावर उत्तर आलं: "बाटल्या चौकात ढिगानं पडल्यात. प्यायला पाणी आहे ओ, धुवायला नाही. बिल्डिंगच्या टाकीत नदी बसल्ये. पंप असला तर आणा, नि वाकणारी माणसं आणा."

या फोनवर थोडं थांबतो. सोमवारी तो लागला असता, तर उत्तर वेगळं आलं असतं. तीन दिवसांत नेटवर्क आलं, सरकारी आणि इतर पाण्याचे टँकर आले, मुंबई-पुण्याकडून गाड्यांची रांग लागली. उपासमारीची भीती ओसरली आणि घाणीची सुरू झाली. हा बदल कुठल्याही बातमीत आला नव्हता, कारण टीव्हीचे कॅमेरे तोवर तळीये आणि चिपळूणकडे वळले होते.

तडजोड झाली ती अशी: टेम्पोचा अर्धा भाग धान्य आणि चादरी-सतरंज्या, अर्धा अवजारं. कपड्यांच्या गोण्या हॉलमध्येच राहतील. तरी चार-पाच गोण्या कुणीतरी मागच्या बाजूनं चढवल्याच.

शुक्रवार, चारच्या आत

पुण्यात तेव्हा कोरोनाचे निर्बंध होते आणि दुकानं दुपारी चारला बंद होत. शनिवार-रविवारी तर जीवनावश्यक सोडून काहीच उघडं नाही. त्यामुळे सगळी खरेदी शुक्रवारी दुपारपर्यंत. रविवार पेठेत, बोहरी आळीच्या बाजूला, खराटे, वायपर, घमेली, फावडी, ब्लिचिंग पावडर, फिनेल, रबरी हातमोजे मिळाले. गमबूट मिळाले ते सगळे आठ-नऊ नंबरचे. पाच-सहा नंबर कुणाकडेच नव्हते. बांधकामावर पुरुषच बूट घालतात, असं दुकानदाराचं गणित. महाडला गेल्यावर दिसलं की गाळात उभ्या असलेल्यांत निम्म्याहून जास्त बायका होत्या, आणि त्या चपला घालून किंवा अनवाणीच होत्या. त्यांच्या पायांत बसतील असे बूट अख्ख्या टेम्पोत नव्हते.

पंप विकत घेण्याइतके पैसे नव्हते. एका बांधकाम ठेकेदाराकडून इंजिनवर चालणारे, गाळाचं पाणी उपसणारे दोन मड पंप रोजाच्या भाड्यानं घेतले, अनामत ठेवून. "पाइप किती लांबीचा हवा?" असं त्यानं विचारलं तेव्हा कुणाकडेच उत्तर नव्हतं. परत फोन. औषधवाले म्हणाले, "टाकी पार्किंगच्या आत, गटार रस्त्यापलीकडं. शंभर फूट तरी धरा." या एका फोननं दिवस वाचला. तोकडा पाइप नेला असता, तर पाणी त्याच पार्किंगमध्ये फिरत राहिलं असतं.

आणि एक माणूस यादीत नसताना आला: सोसायटीचा नेहमीचा वायरमन. मूळ पोलादपूरकडचा. "मला न्या, मी वीज बघीन," एवढंच म्हणाला.

रस्ता

पुण्याहून महाडला उतरायला एरवी तीन वाटा. भोरवरून वरंध घाट, महाबळेश्वरवरून आंबेनळी, मुळशीवरून ताम्हिणी. पहिल्या दोन त्या आठवड्यात रस्ता खचल्यानं आणि दरडींनी बंद होत्या. उरला ताम्हिणी. पहाटे पाचला निघालो. चांदणी चौक, पिरंगुट, पौड, मग मुळशीचं धरण उजव्या-डाव्या हाताला घेत वर. पौडच्या पुढे रस्त्याचं काम अर्धवट. भरलेल्या टेम्पोत पुढच्या सीटवर बसलेल्यालाही मणके मोजता येतात.

घाटात दाट धुकं. एके ठिकाणी दरडीची माती बाजूला लोटून एकाच बाजूनं गाड्या सोडत होते. तांबडी माती, उपटलेली झाडं मुळांसकट आणि कडेला उभा जेसीबी. टेम्पोवाल्या दादांनी काच खाली करून वर बघितलं, मग हळूच गिअर टाकला. "वरून खडे येत असतील तर थांबायचं नसतं आणि पळायचंही नसतं," एवढंच बोलले. तिथून दोन वळणं पुढे धबधब्याखाली पुण्याच्या गाड्या लागलेल्या, गाणी चालू, भिजणारी मंडळी. याच रस्त्यानं मदत खाली उतरत होती. त्यावर काय लिहावं ते सुचत नाही.

विळे, निजामपूर करत माणगावला पोचलो तेव्हा नऊ वाजून गेले होते. पंपांसाठी इंधन इथंच भरून घेतलं. महाडच्या पंपावर रांग किती असेल ते सांगता येत नव्हतं, आणि तिथलं इंधन तिथल्या माणसांसाठी ठेवावं हेही होतंच. मुंबई-गोवा महामार्गाला लागल्यावर पुढे-मागे फक्त मदतीच्या गाड्या. प्रत्येकीवर फ्लेक्स, प्रत्येक फ्लेक्सवर कुणाचा तरी हसरा फोटो. एका ट्रकच्या फ्लेक्सच्या पैशांत किती फावडी आली असती, याचा हिशेब वहिनी मोठ्यानं करत होत्या आणि सेक्रेटरीकाका खिडकीबाहेर बघत होते. आपल्या टेम्पोवरही छोटा का होईना, फ्लेक्स होता.

लोणेरे ओलांडून दासगावकडे येताना पुराची पातळी झाडांवर दिसू लागली. एका ठरावीक उंचीपर्यंत फांद्यांना प्लॅस्टिक, गवत, चिंध्या अडकलेल्या. त्याच्या वर हिरवीगार पानं. भातखाचरं होती तिथं राखाडी गाळाचा थर. लावणी होऊन गेलेली रोपं त्याखाली. शहरांच्या बातम्यांत शेतकऱ्याचं हे नुकसान दिसलंच नव्हतं. एकदा लावलेलं रोप गेलं की जुलैअखेरीस पुन्हा रोपवाटिका कुठून आणायची, हा प्रश्न त्या टेम्पोतल्या कुठल्याच सामानानं सुटणारा नव्हता.

बाजारपेठ

शहरात शिरताच वास. कुजलेलं धान्य, डिझेल, गटार आणि ब्लिचिंग पावडर, सगळं एकत्र. दुकानांपुढे फ्रीज, सोफे, भिजून फुगलेली प्लायवुडची कपाटं. ज्यांनी चेतावणी मिळताच माल माळ्यावर चढवला होता त्यांचाही गेला, कारण या वेळी पाणी माळ्यावर चढलं. याच शहरात चवदार तळं आहे. १९२७ च्या मार्चमध्ये पाण्याच्या हक्कासाठी डॉ. आंबेडकरांनी इथं सत्याग्रह केला. आमच्यातला एक मुलगा आधी तळं बघून येऊ म्हणाला. औषधवाले म्हणाले, "बघा की. येताना कळशी भरून आणू नका फक्त." थट्टा होती, पण शहराची त्या दिवशीची अवस्था तिच्यात आली.

धान्य मदत केंद्रावर उतरवलं. तिथल्या माणसानं नम्रपणे विचारलं, "कपडे आहेत काय? असतील तर तेवढे परत न्या." मागं मंडपाच्या कडेला कपड्यांचा ढीग पावसात भिजून पडलेला होता. चोरून चढवलेल्या गोण्या तशाच पुण्याला परत आल्या. धान्याबद्दल मात्र वहिनींचा अंदाज पुरता खरा ठरला नाही. शहरात ते नको होतं, पण केंद्रावरून ते आतल्या वाड्यांकडे जात होतं आणि तिथं ते लागत होतं. सेक्रेटरीकाकांनी ही गोष्ट परतीच्या वाटेवर निदान तीनदा ऐकवली, आणि ऐकवायचा त्यांना हक्क होता.

अवजारं थेट औषधवाल्यांच्या आळीत गेली. आमच्याबरोबर आलेली पोरं उत्साहानं पहिल्याच किराणा दुकानात खराटे घेऊन घुसली, तर मालकानं दोन्ही हात आडवे केले. पुढचं दुकान धुतलेलं होतं, मागची खोली तशीच. "पंचनामा पुढचा झालाय. विम्याचा माणूस यायचाय, मागं त्यानं बघेपर्यंत हात लावायचा नाही." खोलीत साखरेचा पाक आणि गाळ एकत्र झालेला, वर माश्या घोंगावत होत्या. म्हणजे आरोग्याच्या दृष्टीनं जे आधी काढायला हवं, तेच पैशांच्या दृष्टीनं शेवटपर्यंत राखायला हवं होतं. नऊ दिवस त्या वासात तो माणूस बसून होता. मदतीला जाणाऱ्यानं पहिला प्रश्न "पंचनामा झाला का?" हा विचारायचा असतो, हे पोरं त्याच्या दारात शिकली. मग बाकीच्या घरांत फोटो काढून, मालकाला विचारून कामाला लागली. गाळ वाळला की सिमेंटसारखा धरतो. ओला असेपर्यंतच फावड्याला येतो. कित्येक घरांत तो वाळत आला होता.

त्याच दुकानदाराच्या ओट्यावर जे पाहिलं ते पुण्यात कुणाच्याही यादीत येणं शक्य नव्हतं. शेजारचा इस्त्रीवाला कोळशाची इस्त्री तापवून बसला होता. त्याच्यापुढे लाल कापडी पुठ्ठ्याची लांबट वही, शिवण उसवून पानं सुटी केलेली. एकेक पान दोन कोऱ्या कागदांत ठेवून तो हलक्या हातानं इस्त्री फिरवत होता. वीज नव्हती, म्हणून कोळशाची. शाई पसरली होती, तरी नावं वाचता येत होती. ती उधारीची वही. माल गेला त्याचा पंचनामा होईल, काहीतरी भरपाई मिळेल. लोकांकडे असलेली येणी कुठल्या पंचनाम्यात बसत नाहीत. टाळेबंदीत आळीनं उधारीवरच दिवस काढले होते. वहिनींनी टेम्पोतले उरलेले कोरे कागद त्याला नेऊन दिले. मला विचाराल तर त्या दिवशी पुण्याहून आलेल्या वस्तूंपैकी सगळ्यात अचूक जागी पडलेली ती.

टाकी

औषधवाल्यांच्या इमारतीत वरच्या मजल्यांना पाण्याचा थेंब लागला नव्हता. तरी सगळी बिऱ्हाडं अर्धमेली झाली होती. जमिनीखालच्या टाकीत पुराचं पाणी, वर मोटार जळलेली, म्हणून संडासापासून भांड्यांपर्यंत प्रत्येक बादली जिन्यानं वर. त्यात दोन घरांत म्हातारी माणसं. "आमचं काही गेलं नाही ना, म्हणून आमच्याकडे कुणी येत नाही," एक काकू म्हणाल्या. नुकसानीच्या कुठल्याच व्याख्येत त्या बसत नव्हत्या.

पोरांनी पंप उचलून थेट पार्किंगच्या आत न्यायला सुरुवात केली. वायरमनदादांनी ओरडून थांबवलं. इंजिनचा पंप बंद जागेत चालवला की त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नसतो आणि माणूस बसल्या जागी कोसळतो. पंप बाहेर रस्त्यावर ठेवला, पाणी ओढणारा सक्शन पाइप आत सोडला, पाणी बाहेर टाकणारा शंभर फुटी डिलिव्हरी पाइप गटाराकडे टाकला. त्याआधी इमारतीचा मेन काढला, प्रत्येक मीटर बघितला, फ्यूजचे ओले कटआउट उतरवून ठेवले. महावितरणची माणसं रात्रंदिवस खपून एकेक गल्ली चालू करत होती, पण रस्त्यावर वीज आली म्हणजे घरात सोडता येते असं नाही. भिंतीतलं वायरिंग ओलं असेल तर बटणाला हात लावणाऱ्याचा जीव जातो. त्या दिवशी दादांना आळीत ज्या हाका आल्या, त्या डॉक्टरलाही आल्या नसत्या.

टाकीतलं पाणी उपसलं, तळाशी गुडघाभर गाळ. झाकणं उघडी ठेवून हवा खेळू दिली, कमरेला दोर बांधून एकेकाला पाळीनं आत सोडलं. घमेल्यांची साखळी. मग धुणं, ब्लिचिंग पावडरचं पाणी, पुन्हा उपसा. एका मुलाला पत्र्यानं पाय कापला. आरोग्य विभागाची फिरती माणसं लेप्टोच्या, म्हणजे पुराच्या घाण पाण्यातून होणाऱ्या तापाच्या, भीतीनं डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या देत होती, त्यांच्याकडे त्याला धाडलं. टँकरचं स्वच्छ पाणी टाकीत पडलं तेव्हा दोन वाजले होते. तोवर शेजारच्या इमारतींची माणसं येऊन उभी राहिली होती. पंप आमच्याकडे आणा, इतकंच त्यांचं म्हणणं.

साडेतीन

टेम्पोवाल्या दादांनी सकाळीच सांगितलं होतं, "साडेतीनला चाक फिरलं पाहिजे. घाटात अंधार आणि धुकं एकत्र नको." सूर्य सातच्या सुमारास मावळतो, आणि दरडीखालची ती एकेरी वाट सगळ्यांच्या डोळ्यांपुढे होती. दुसरी टाकी जेमतेम अर्धी झालेली.

मुक्काम करावा असं पोरांचं म्हणणं. पण महाडात राहणार कुठे? जिथं घरच्यांना निजायला कोरडी जागा नाही तिथं पाहुण्यांनी राहायचं म्हणजे त्यांच्यावर ओझं. पंप घेऊन निघायचं, तर सगळी आळी बघतेय. सेक्रेटरीकाकांना अनामतीची काळजी, कारण पावतीवर सही त्यांची. पाच-दहा मिनिटं कुणी बोललंच नाही. मग सेक्रेटरीकाकांनीच औषधवाल्यांच्या बिलबुकाचं एक पान मागून घेतलं आणि त्यावर लिहिलं: दोन पंप, पाइपसह, आळीच्या वापरासाठी ठेवले, काम संपल्यावर फोन करावा. खाली दोघांच्या सह्या. वायरमनदादांनी आळीतल्या दोन पोरांना पंप सुरू करणं, बंद करणं, ऑइल बघणं शिकवलं.

निघताना कुणी हा निर्णय ठरवलेला नव्हता, आणि दिवसभरातला सगळ्यात कामाचा निर्णय तोच. एका दिवसात जाऊन-येऊन करणाऱ्या गटाला कामाचे तास मिळतात चार, फार तर पाच. अवजार मागं राहिलं तर तेच तास कित्येक पट होतात. ठेकेदार फोनवर बराच वेळ बडबडला, ते ओघानं आलंच.

तळीये

दुपारी दोन मुलांनी तळीयेला जाऊन येऊ असा धोशा लावला होता. औषधवाल्यांनी सरळ विचारलं, "काय करणार तिथं जाऊन?" तिथं शोधकार्य थांबलं होतं, मंत्री आणि पुढारी येऊन गेले होते, मदतही पोचत होती. अरुंद रस्त्यावर आणखी एक टेम्पो म्हणजे कामाच्या गाड्यांना आणखी एक अडथळा. हळहळ खरी असते, हे मान्य. पण ज्यांची माणसं काही दिवसांपूर्वी मातीखाली असतानाच शोध थांबला, त्यांच्या दारात मोबाइल घेऊन उभं राहण्याला मी दुसरं नाव देऊ शकत नाही. टेम्पो गेला नाही. चादरी आणि सतरंज्या बिरवाडीच्या पुढे एका शाळेत हलवलेल्या कुटुंबांसाठी स्थानिक जीपवाल्याबरोबर धाडल्या. त्या कुटुंबांच्या वाडीवर दरड पडलेली नव्हती, पडेल म्हणून लोक उठवले होते. त्यांचं नाव कुठल्याच बातमीत नव्हतं.

पुढचं

३ ऑगस्टला राज्य सरकारनं ११,५०० कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर केलं. घरात पाणी शिरलेल्या कुटुंबांना १०,००० रुपये, दुकानदारांना ५०,००० पर्यंत, टपरीधारकांना १०,०००, आणि सगळं पंचनाम्यावर. मागची खोली राखून बसलेल्या किराणावाल्याचा हट्ट तेव्हा सगळ्यांच्या ध्यानात आला. पुढच्या वर्षीच्या पावसाळ्याआधी सावित्री आणि गांधारीच्या पात्रांतून गाळ काढण्याचं काम झालं.

पुढच्या शनिवारी सोसायटीनं टेम्पो पाठवलाच नाही. जीपमधून वायरमनदादा, त्यांचा एक जोडीदार आणि एक प्लंबर गेले. त्यांची मजुरी सोसायटीनं दिली. सोबत बायकांच्या मापाचे गमबूट होते. वहिनींनी ते शोधून काढले होते. पंप परत आले ते आळीतल्या टाक्या संपल्यावर.

मग सोसायटीच्या फलकावर हिशेब लागला आणि खरी कुरबुर तेव्हा सुरू झाली. तांदूळ, चादरी, फावडी यांवर कुणाचं काही म्हणणं नव्हतं. आक्षेप होता तो "पंपभाडे" आणि "मजुरी व प्रवास" या दोन ओळींवर. आम्ही पूरग्रस्तांसाठी दिलं होतं, ठेकेदारासाठी नाही, असं एका सभासदानं लेखी कळवलं. सेक्रेटरीकाका, जे आधी पंपांच्या विरुद्ध होते, त्यांनीच त्याला उत्तर लिहिलं आणि बिलबुकाचं ते पान झेरॉक्स करून सोबत जोडलं. सभासदाचं समाधान झालं नाही. सेक्रेटरीकाका म्हणतात, वस्तू दिल्याचं समाधान लोकांना विकत घेता येतं, भाडं दिल्याचं येत नाही. त्यामुळे पुढच्या वेळी आवाहनातच भाड्याची आणि मजुरीची रक्कम आधी लिहावी, मग किती पैसे जमतात ते पाहू. वहिनींना वाटतं तसं लिहिलं तर निम्मेही जमणार नाहीत. दोघांचं यावर अजून एकमत झालेलं नाही.